नऊ सेकंदांच्या आधीचं

सर, मी तुमच्यावर रागावलेय. तुम्हाला जाऊन चौदा वर्षं झाली. गेलेल्या माणसावर काय रागवायचं, असं मलाही वाटतं. पण ज्यांच्यावर रागवायला हवं ते सगळे जिवंत आहेत आणि त्यांच्यासमोर गेले दोन महिने माझा आवाज चढलेला नाही. मुख्याध्यापकांसमोर नाही, संस्थेच्या समितीसमोर नाही, त्या पोराच्या आईसमोर तर नाहीच. राहिलात तुम्ही. तुम्ही ऐकून घ्याल. वर्गात कुणी चुकीचं उत्तर दिलं तरी तुम्ही ते शेवटपर्यंत ऐकायचा, खडू बोटांत फिरवत, आणि मग म्हणायचा, "पुन्हा सांग. आता हळू." तर हळू सांगते.

ऑगस्टातली गोष्ट. दहावीचा वर्ग, जेवणाच्या सुट्टीनंतरचा तास, पायथागोरसचं प्रमेय. पाऊस नाही, ढग आहेत, त्यामुळे सोलापूरचा उकाडा आणखी चिकट झालेला. मी फळ्यावर काटकोन त्रिकोण काढून वळते, तर शेवटच्या बाकावरच्या मुलाचा हात बाकाखाली आहे आणि त्या हातात मोबाइल आहे. कॅमेऱ्याची काच दोन रांगा पुढं बसलेल्या मुलीकडे. ती खाली वाकून दप्तरातून कंपास काढत होती. तिला काही माहीत नव्हतं. मला मात्र सगळं दिसलं. मी त्याच्यापाशी गेले आणि हात पुढं केला. त्यानं हसत मोबाइल दिला, जसा काही मीच खेळायला मागितलाय. मी तो टेबलाच्या खणात टाकला, खणाला किल्ली लावली आणि म्हटलं, उद्या वडलांना घेऊन ये.

सोळा वर्षांचा असेल. माझ्यापेक्षा डोकंभर उंच. आठवीत मी त्याला बीजगणित शिकवलं होतं, तेव्हा तो पहिल्या बाकावर बसायचा आणि उत्तर आलं की उभं राहूनच सांगायचा. मधल्या दोन वर्षांत काय झालं ते मला नीट ठाऊक नाही. बासष्ट मुलांच्या वर्गात ते विचारायला वेळ मिळत नाही, असं मी सांगत आलेय. तो उठला, चालत प्लॅटफॉर्मपाशी आला आणि म्हणाला, "ए, मोबाइल दे की."

"ए". बावीस वर्षांत मला पोरांनी मागून पुष्कळ नावं ठेवली असतील. समोर उभं राहून "ए" कुणी म्हटलं नव्हतं. वर्गात दोघं-तिघं हसले. मी म्हटलं, "जागेवर जा." तो वर चढला. टेबलाला वळसा घालून आला, माझा उजवा हात मनगटात धरला आणि पिरगळला. बांगड्या फुटल्याचा आवाज मला आधी आला, दुखलं नंतर. मग त्यानं मला मागं ढकललं. पाठ फळ्यावर आपटली आणि त्याचा कोपराखालचा हात माझ्या मानेवर आडवा आला. त्याच्या तोंडाला गुटख्याचा वास येत होता. "किल्ली दे," तो म्हणाला. हळू म्हणाला, सर. ओरडला असता तर मला कमी भीती वाटली असती. साठ मुलं बाकावर बसून बघत होती. माझ्या त्रिकोणाची अर्धी बाजू माझ्या साडीनं पुसली गेली होती. फळ्याखालच्या कडेवर लाकडी पट्टी असते, मीटरभर लांब, भूमितीच्या तासाला लागते ती. डावा हात तिथवर पोचला. आणि मी मारलं.

त्याच्या कानामागं तीन टाके पडले. माझ्या मनगटाला बारीक चीर गेली. शेजारच्या वर्गातून हिंदीच्या मॅडम धावत आल्या, दारातूनच ओरडल्या, "क्या होरा है हितं? हटो, सब हटो!" त्यांनी मला खुर्चीत बसवलं, पाणी दिलं, पट्टी माझ्या हातातून काढून घेतली. ती मी अजून धरून होते हे मला त्यांनी बोटं सोडवली तेव्हा कळलं.

संध्याकाळी व्हिडिओ आला. नऊ सेकंदांचा. कुणीतरी मागच्या बाकावरून काढलेला. त्यात तो प्लॅटफॉर्मच्या खाली उभा आहे, मी वर आहे, पट्टी वर जाते आणि खाली येते, तो डोकं धरतो. संपलं. मनगट नाही, मान नाही, "ए" नाही. खाली कुणीतरी लिहिलं होतं, 'ही शिक्षिका की कसाई'. रात्रीपर्यंत तो माझ्या नणंदेच्या मैत्रिणींच्या ग्रुपवरही पोचला होता. दुसऱ्या दिवशी सात रस्त्याला हाडांच्या डॉक्टरांकडे मनगटाचा फोटो काढायला गेले, तर तिथला कंपाउंडर माझं नाव लिहिता लिहिता थांबला आणि म्हणाला, "मॅडम, त्या व्हिडिओतल्या तुम्हीच की?" मी हो म्हटलं. त्यानं बाकावरच्या दोन माणसांकडे बघून मान हलवली, आणि मग मोठ्या सभ्यपणानं मला पंख्याखालची खुर्ची दिली.

पोलीस चौकीत मी गेले होते, सर. माझ्या नवऱ्यानं नेलं. तिथल्या बाईंनी सगळं लिहून घेतलं, मग पेन खाली ठेवलं. "मॅडम, पोरगं अल्पवयीन आहे. तुम्ही तक्रार दिली की त्याची आई तुमच्यावर देणार. तिच्याकडे टाके आहेत, व्हिडिओ आहे. तुमच्याकडे बांगड्या. विचार करा." त्या वाईट नव्हत्या. त्यांनी मला खरं तेच सांगितलं. मुख्याध्यापकांनी त्याहून वेगळं काही विचारलं नाही, फक्त शब्द शाळेचे वापरले. "वर्गावर तुमचं नियंत्रण नव्हतं का?" बावीस वर्षं होतं, नऊ सेकंदांपूर्वीपर्यंत होतं. मग म्हणाले, "मोबाइल ठेवून द्यायचा, तास संपल्यावर ऑफिसला पाठवायचा. तिथल्या तिथं वाढवायची काय गरज होती?" मी म्हटलं, "सर, मी वाढवलं नाही, तो माझ्या गळ्यावर होता." त्यांनी पेपरवेट उचलून दुसरीकडं ठेवला. म्हणाले, "ते दिसत नाही ना पण कुठं."

आणि मग शिबिर झालं. संस्थेनं पुण्याहून एक गृहस्थ बोलावले, सगळ्या शिक्षकांना हॉलमध्ये बसवलं, पडद्यावर चित्रं दाखवली. विद्यार्थी आक्रमक झाला तर शिक्षकानं खोल श्वास घ्यावा आणि मनात दहापर्यंत मोजावं. सगळ्यांनी माझ्याकडे न बघण्याचा प्रयत्न केला. मी गणित शिकवते. दहापर्यंत मोजायला किती वेळ लागतो ते मला ठाऊक आहे. मानेवर कोपर असताना माणूस चारपर्यंतसुद्धा पोचत नाही. हिंदीच्या मॅडम शेजारी बसल्या होत्या. त्या माझ्या कानाशी पुटपुटल्या, "मी असते तर खुर्ची घातली असती गं त्याच्या डोक्यात." चौकशी होईपर्यंत माझ्या बाजूनं बोललेलं ते एकच वाक्य. तेही कुजबुजून.

आता तुमच्याकडे येते. मी चोवीस वर्षांची होते, नोकरीचं पहिलं वर्ष. दिवाळीच्या सुट्टीत श्रीपूरला आईबाबांकडे आले होते. बाबा अजून साखर कारखान्यात फिटर होते. तुम्हाला भेटायला आले तर तुम्ही स्वयंपाकघरात पाटावर बसला होता आणि काकू भाकरी थापत होत्या. मला तिथंच बसवून ताट दिलं. मी मोठ्या तोऱ्यात सांगितलं की सातवीच्या एका मुलाला उलट बोलला म्हणून कानाखाली दिली, आणि तेव्हापासून वर्ग कसा सरळ झालाय. तुमचा हात ताटावर थांबला. तुम्ही म्हणालात, "ज्या दिवशी तू हात उचललास, त्या दिवशी तू त्याला शिकवणं सोडलंस. एकतीस वर्षं झाली मला. मी कुणाला बोट लावलेलं नाही. तुला जमत नसेल तर सांग, बँकेच्या परीक्षा असतात." काकू तव्याकडे बघत म्हणाल्या, "तुमच्या अंगावर कोण येणार हाय? हिच्या अंगावर येतील की. बाईमाणूस हाय ती." तुम्ही त्यांना म्हणालात, "तुला यातलं कळत नाही." आणि काकू गप्प झाल्या. मीही झाले. त्या दिवसापासून मी एकाही मुलावर हात उचलला नाही. बावीस वर्षं, सर. पट्टीनं रेघ मारली, दुसरं काही केलं नाही. थुंकून गेली पोरं, स्कूटीची हवा सोडली, बाथरूमच्या भिंतीवर माझं चित्र काढलं. मी हात मागं बांधून उभी राहिले, अगदी तुमच्यासारखी.

तुमच्यासारखी कशी? या दोन महिन्यांत मला मी नववीत असतानाचा तो दिवस रोज दिसतोय. आधी कधी दिसला नव्हता, किंवा दिसला तरी मी तो तुमच्या बाजूनं बघत होते. गळीत हंगाम चालू आहे, रस्त्यावर बैलगाड्यांची रांग लागलेली आहे, आणि आपल्या वर्गात एक मुलगा आलाय, ऊसतोडणीच्या टोळीबरोबर आलेला, आमच्यापेक्षा दोन-तीन वर्षांनी मोठा. वर्षातले चार महिने इकडं, बाकीचे आठ त्याच्या गावाकडं. तुम्ही त्याला फळ्यापाशी बोलावलंत. त्याला भागाकार आला नाही. तुम्ही काहीतरी म्हणालात, वर्ग हसला. काय म्हणालात ते मला आठवत नाही. त्याला आठवत असेल. त्यानं तुमची कॉलर धरली. तुम्ही दोन्ही हात पाठीमागं घेतलेत आणि अगदी शांतपणे म्हणालात, "सोड." आणि त्यानं सोडली. आम्ही ही गोष्ट किती जणांना सांगितली असेल! सरांनी नुसतं "सोड" म्हटलं आणि सोडली. माझ्या मुलीला मी ती झोपताना सांगितलीय.

पण गोष्ट तिथं संपली नव्हती. शिपाईमामा आले, बरोबर दहावीतली दोन पोरं आली, आणि त्यांनी त्याला दंडाला धरून बाहेर नेलं. माझी जागा खिडकीपाशी होती. पाण्याच्या टाकीमागं त्यांनी त्याला खाली पाडलं. मामांच्या हातात सायकलची चेन होती. तो ओरडत होता, ते आत ऐकू येत होतं. मला आलं, माझ्या शेजारणीला आलं, म्हणजे तुम्हालाही आलं. तुम्ही फळ्याकडे वळलात आणि तोच भागाकार पुढं सोडवायला लागलात. खडू दाबून लिहीत होता, तो दोनदा मोडला. बाहेरचा आवाज थांबेपर्यंत तुम्ही आमच्याकडे तोंड केलं नाहीत. तो मुलगा परत कधी शाळेत आला नाही, आणि तुम्ही हजेरी घेताना त्याच्या नावावर थांबलासुद्धा नाहीत.

तुम्ही कुणाला बोट लावलं नाहीत, हे खरं आहे. तुम्हाला लावावं लागलं नाही. तुमच्यासाठी शिपाईमामा होते, दहावीची पोरं होती, सबंध गाव होतं. तुमची सहा फूट उंची होती, पांढरा सदरा होता, पुरुषाचा आवाज होता. तुमचं "सोड" एकट्याचं नव्हतं, सर. माझ्या मागं फळा होता फक्त. तुम्ही मला तुमचा नियम दिलात आणि तो कशाच्या जिवावर चालतो ते सांगितलं नाहीत. पाटावर बसून, भाकरी खाता खाता, मला बँकेच्या परीक्षेचा रस्ता दाखवलात. काकूंना कळत होतं. तुम्ही त्यांना गप्प केलंत. त्याच नियमापायी मी त्या पोराला पहिल्या "ए"लाच बाहेर काढलं नाही. हात बांधून उभी राहिले. त्याचा हात मानेवर येईपर्यंत मी तुमची विद्यार्थिनीच होते. हा माझा राग आहे. तो मी तुमच्या तोंडावर काढू शकले असते, तुम्ही गेलात तेव्हा मी बत्तीस वर्षांची होते, दर दिवाळीला येत होते. काढला नाही, कारण तेव्हा मला तो आला नव्हता.

चौकशी मागच्या आठवड्यात झाली. संस्थेच्या कार्यालयात लांब टेबल, अध्यक्ष, दोन सदस्य, मुख्याध्यापक. पोराचे वडील आलेच नाहीत, ते बऱ्याच वर्षांपासून घरात नाहीत असं तेव्हा कळलं. मी मोबाइल ठेवून घेताना "वडलांना घेऊन ये" म्हटलं होतं. आई आली होती, टॉवेलच्या कारखान्यात कडा शिवते, अर्ध्या दिवसाची रजा टाकून आलेली. तिच्या साडीला पांढरा कापसाचा भुगा चिकटलेला होता. तिनं हात जोडले नाहीत की शिव्याही दिल्या नाहीत. माझ्याकडे बघून म्हणाली, "बाई, म्या बी मारते त्याला. त्यानं तुमच्या अंगाला हात लावला, त्येला मारायलाच पायजे. पन म्या डोस्क्यात न्हाई मारत. तुमी तर शिकल्याल्या हाय." अध्यक्ष म्हणाले, "बाई, मॅडमनी स्वतःला सोडवायला मारलं. तेव्हा कुठं लागेल ते कुणी बघतं का?" ती म्हणाली, "तसं नव्हं सायेब. ह्यो काय म्हनतोय ते ऐका की."

पोरगा उभा राहिला. कानामागचे केस अजून नीट उगवले नव्हते. खाली बघून म्हणाला, "मॅडमनी दोनदा मारलं. पहिल्यांदा हातावर मारलं, तेव्हा मी सोडलं. मी खाली उतरलो होतो. मग डोक्यात मारलं."

एक सदस्य हसले. अध्यक्षांनी मोबाइलवर व्हिडिओ लावला, सगळ्यांना दिसेल असा टेबलावर ठेवला. "मोज," ते त्याला म्हणाले. "किती वेळा मारलं?" नऊ सेकंद. एकदा. "मग? खोटं बोलायला लाज वाटत नाही? आधी मुलींचे फोटो काढायचे, मग बाईंवर हात टाकायचा, वर खोटं." ज्या मुलीकडे त्यानं कॅमेरा धरला होता तिला त्यांनी आत बोलावलं. ती आली, ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत उभी राहिली. अध्यक्षांनी विचारलं, मॅडमनी किती वेळा मारलं? तिनं माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "एकदाच. सुटायला मारलं." पोराच्या आईनं त्याच्या दंडाला धरून त्याला खाली बसवलं. तो दंड तिनं नंतरही सोडला नाही. मला वाटतं, त्या खोलीत त्याच्यावर विश्वास असलेली ती एकटीच होती.

मला निर्दोष ठरवलं. त्याला शाळेनं दाखला दिला. मुख्याध्यापकांनी माझ्याशी हस्तांदोलन केलं, दुखऱ्या हाताशी, आणि म्हणाले, व्हिडिओच शेवटी आपल्या कामी आला बघा. बाहेर हिंदीच्या मॅडमनी मला मिठी मारली. मी रडले. सगळ्यांना वाटलं, सुटकेनं.

सर, तो खरं बोलत होता. पट्टी पहिल्यांदा त्याच्या कोपरावर बसली आणि त्याचा हात सुटला. तो कळवळून मागं सरकला, प्लॅटफॉर्मवरून उतरला, कोपर धरून उभा राहिला. माझी मान मोकळी होती. दार माझ्या डाव्या हाताला चार पावलांवर होतं. मला कुणी धरलं नव्हतं. तेवढ्यात मागं कुणीतरी मोबाइल सुरू केला असणार, कारण नऊ सेकंद तिथून सुरू होतात. दोन महिने मी सगळ्यांना सांगत होते की व्हिडिओ अर्धा आहे, आधीचं दाखवत नाही. आधीचं दाखवलं असतं तर दोन्ही फटके दिसले असते. तो पोरगा बोलत होता तेव्हा मी समोरच्या पाण्याच्या ग्लासाकडे बघत होते. त्या मुलीनं "एकदाच" म्हटलं तेव्हाही.

काकू आता अकलूजला मुलाकडे असतात. हे त्यांच्या पत्त्यावर टाकलं तर त्या चष्मा लावून ओळ न् ओळ वाचतील आणि मला फोन करतील. म्हणून टाकणार नाही. शाळेच्या वहीची पानं आहेत, वहीतच राहतील. तो कुठल्या शाळेत गेला ते मला ठाऊक नाही. ऑफिसात विचारलं तर सांगतील. मी अजून विचारलेलं नाही.

पहिल्यांदा मारलं तेव्हा मला फक्त भीती होती. दुसऱ्यांदा मला बरं वाटलं.